लहरी म्हणा, मी लाल होणारच

मी एक जुनी चाचणी आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! तुमच्या वर्गात बाई घेतात ती चाचणी मी नव्हे. मला कागद लागत नाही, बाक लागत नाही आणि मी कोणाला गुणही देत नाही. मी संगणकाच्या पोटात राहते. मला कोणी जागे केले, की मी माणसासारखी एखादे संकेतस्थळ उघडते, नाव लिहिते, बटणे दाबते आणि समोर जे येईल ते नीट वाचते. सगळे ठरल्याप्रमाणे झाले, तर माझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. काही चुकले, तर लाल. मला एवढे दोनच शब्द बोलता येतात. पण त्यातल्या एका शब्दासाठी मला काय काय ऐकून घ्यावे लागले, ते आज मी सांगणार आहे. रडगाणे गाणार नाही. माझा तो स्वभाव नाही.

माझा जन्म एका कार्यालयात झाला. लांबट खोली, समोरासमोर मांडलेली टेबले, त्यांच्याखाली गुंतलेल्या तारा आणि कोपऱ्यात कोणीच पाणी न घातल्यामुळे वाकलेले एक रोप. तिथे डायलिसिसची खुर्ची राखून ठेवण्याचे संकेतस्थळ बनत असे. ज्यांची मूत्रपिंडे काम करेनाशी होतात, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जाऊन, खुर्चीत बसून, यंत्राकडून रक्त स्वच्छ करून घ्यावे लागते. त्यालाच डायलिसिस म्हणतात. सिनेमाची खुर्ची हुकली, तर माणूस पुढचा खेळ बघतो. ही खुर्ची हुकली, तर अंगावर सूज चढते आणि चार पायऱ्या चढताना धाप लागते.

मला घडवले शंकोबांनी. संकेतस्थळातल्या चुका शोधणे हे त्यांचे काम. कोणी काही नवे दाखवले, की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "छान आहे. पण समजा..." आणि त्या 'पण समजा'नंतर समोरच्याची दुपार वाया जात असे. म्हणून सगळ्यांनी त्यांचे शंकोबा करून टाकले होते. इतर देव नवसाला पावतात, हे शंकेला पावत.

एकदा शंकोबा दवाखान्यात गेले होते. आपले संकेतस्थळ लोक कसे वापरतात, ते त्यांना पाहायचे होते. तेवढ्यात डायलिसिसच्या खोलीच्या दारात दोन माणसे येऊन उभी राहिली. एक होते शिंपीकाका. गळ्यातली मोजपट्टी काढायचीही त्यांना आठवण राहिली नव्हती. दुसऱ्या होत्या एका शाळेतल्या बाई, भावाचा हात धरून आलेल्या. दोघांच्याही फोनवर एकच खुर्ची आणि एकच वेळ लिहिलेली होती.

तिथल्या सिस्टरांनी दोन्ही फोन पाहिले. मग त्या शंकोबांकडे वळल्या. "हे तुम्हीच बनवता ना? मग आता तुम्हीच सांगा, ह्यातल्या कुणाला घरी पाठवू?"

शंकोबा एका फोनवरून दुसऱ्या फोनकडे पाहू लागले. शिंपीकाकाच म्हणाले, "बाईंना बसू दे, सिस्टर. मी काय, इथं भिंतीपाशी टेकतो. कुणी आलं नाही तर मला घ्या." आणि ते खरोखरच टेकले. पण त्यांचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांत रुतले होते. शंकोबा सगळा वेळ त्या पायांकडे पाहत राहिले.

चूक कशी होत होती, ते समजून घ्या. अवघड नाही. कोणी खुर्ची मागितली, की संकेतस्थळ आधी पाही, 'रिकामी आहे का?' आणि मग तिच्यावर नाव लिही. पाहणे आणि लिहिणे यांच्या मध्ये डोळ्याची पापणी लवावी एवढीच फट होती. पण दोन माणसे नेमकी त्याच फटीत डोकावली, तर दोघांनाही खुर्ची रिकामीच दिसे आणि दोघांनाही ती मिळे.

कार्यालयात या चुकीवर इलाज झाला. 'झाला' असे सगळे म्हणाले. शंकोबांचा त्या शब्दावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी मला लिहिले. माझे काम असे: संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी दोन खिडक्या उघडायच्या. डाव्या खिडकीत एक रोगी, उजव्या खिडकीत दुसरा. शिल्लक खुर्ची एकच. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबायचे. एकाला 'खुर्ची तुमची' असे दिसले आणि दुसऱ्याला 'ही खुर्ची गेली' असे दिसले, तर मी हिरवी. दोघांनाही 'खुर्ची तुमची' दिसले, तर मी लाल. माझ्यासारखी दोन खिडक्यांची चाचणी दुसरी नव्हती. बाकी सगळ्या एका खिडकीच्या. याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. त्या कार्यालयाच्या प्रमुख होत्या कप्तानबाई. कोणी पाहुणा आला, की त्या मला मोठ्या पडद्यावर चालवून दाखवत. दोन खिडक्या आपोआप उघडत, अक्षरे आपोआप उमटत आणि पाहुणा "अरे वा" म्हणे. माझ्यासारख्या चाचणीला तेवढे पुष्कळ झाले. संकेतस्थळाच्या कोडमध्ये, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांत, कोणी एक ओळ जरी बदलली, तरी आम्हा सगळ्यांना जागे केले जाई आणि आम्ही सगळ्या हिरव्या झालो, तरच तो बदल बाहेर, म्हणजे लोकांच्या फोनवर, जाई.

मग दिवस बदलले. आमची संख्या वाढत गेली. शेकडो चाचण्या झाल्या. कोणी बटणाचा नुसता रंग बदलला, तरी सगळ्यांची वरात निघे. बदल तिळाएवढा आणि तपासणी ताडाएवढी! माणसे खुर्चीत रेलून वाट बघत. या वाट बघण्याचा सर्वांत जास्त त्रास होई सुसाटला. सुसाट हा तिथला सर्वांत वेगवान प्रोग्रामर. तो जेवतानाही उभाच असे.

आता एक गोष्ट मी झाकणार नाही. मी अधूनमधून लाल होत असे. रोज नाही. पुष्कळदा हिरवी आणि मध्येच लाल. कारण तो इलाज अपुरा होता, मित्रांनो. फट बारीक झाली होती, बुजली नव्हती. माझ्या दोन्ही खिडक्या नेमक्या त्या फटीत सापडल्या, की मी लाल होई. मी खरे तेच सांगत होते. पण तिथे एक रीत पडली होती. कोणतीही चाचणी लाल झाली, की पलीकडच्या टेबलावरून आवाज येई, "पुन्हा चालव!" पुन्हा चालवल्यावर ती हिरवी झाली, की सगळे खूश. लाल का झाली होती, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. लोक भेटल्यावर 'काय, कसं काय' म्हणतात, तसे तिथे 'पुन्हा चालव' म्हणत.

आमच्यात काही खरोखरच लहरी होत्या, हेही मान्य करते. माझ्या शेजारची चाचणी चित्र पडद्यावर यायच्या आतच ते शोधू लागे आणि सापडले नाही म्हणून लाल होई. तिला धीर नव्हता. पण सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात ना, तसे तिच्याबरोबर माझ्यावरही शिक्का बसला. लहरी! रोज मरे त्याला कोण रडे? माझ्या लाल ठिपक्याकडे लोक भिंतीवरच्या डागासारखे पाहू लागले.

याच सुमारास तिथे गणिती आली. तिचे गणित इतके चोख होते, की डबा वाटून घेतानाही ती सर्वांना सारखे घास देई. तिने वाट बघण्यावर उपाय शोधला. तिने एक प्रोग्राम लिहिला. सगळे त्याला चाळणी म्हणत. कोणी काही बदल केला, की चाळणी ठरवी, यासाठी कोणत्या चाचण्या जाग्या करायच्या आणि कोणत्या झोपू द्यायच्या. बटणाचा रंग बदलला असेल, तर बिलाची चाचणी कशाला? मला ते पटले. चाळणीशी माझे वैर नव्हते आणि नाही. धान्य निवडताना सगळ्या गावाला बोलवायचे नसते.

पण चाळणी दोन गोष्टी पाही. एक, हा बदल ज्या भागात झाला, त्या भागाला ही चाचणी स्पर्श करते का? दुसरी, या चाचणीच्या लाल ठिपक्यावर भरवसा ठेवावा का? हा भरवसा ती जुन्या निकालांवरून ठरवी. कोणतीही ओळ न बदलता जी चाचणी आधी लाल आणि मग हिरवी झाली असेल, तिचा लाल ठिपका खोटा, असे ती धरून चाले. आता तुम्हीच सांगा, मी किती वेळा आधी लाल आणि मग हिरवी झाले होते? लोकांनी जितक्या वेळा मला 'पुन्हा चालव' म्हटले, तितक्या वेळा! त्यांनी माझे तोंड दाबले होते आणि निकालात लिहिले गेले की मी शब्द फिरवला.

चाळणीने मला बाजूला टाकले. मी झोपले नाही, मला झोपवले. बदल येत होते, जात होते. माझ्या खिडक्या बंद. शंकोबा मात्र अधूनमधून एकटेच येऊन मला चालवून पाहत, एखादी आत्या माहेरच्या बंद खोलीचे दार उघडून वारा देते तसे.

आणि मग सुसाटचा तो बदल आला.

पुढच्या आठवड्याच्या सगळ्या खुर्च्या एकाच वेळी खुल्या होत. त्या क्षणी शेकडो रोग्यांच्या घरची माणसे फोनवर बोट ठेवून बसलेली असत. त्यामुळे संकेतस्थळ रेंगाळे. सुसाटने तोड काढली. दर वेळी 'रिकामी आहे का?' असे कशाला विचारायचे? एकदा विचारायचे आणि ते उत्तर काही क्षण लक्षात ठेवायचे. खरोखरच संकेतस्थळ वाऱ्यासारखे पळू लागले. चाळणीने त्या बदलासाठी एका खिडकीच्या मोजक्या चाचण्या निवडल्या. सगळ्या हिरव्या झाल्या. त्यांचेही बरोबरच होते. एका खिडकीतून एकच माणूस दिसतो. मला कोणी हाक मारली नाही. पण मी तुम्हाला सांगते, सुसाटने बारीक फटीचे सताड उघडे दार करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो बदल बाहेर जाणार होता. त्याच बैठकीत आणखी एक विषय होता: कधीच निवडल्या न जाणाऱ्या चाचण्या पुसून टाकणे. त्यात पहिले नाव माझे.

"पुसू नका," शंकोबा म्हणाले.

"शंकोबा, किती लाड कराल लेकीचे?" सुसाट हसला. "एक दिवस ताप, एक दिवस बरी. शाळेला दांडी मारणाऱ्या पोरांसारखं चाललंय तिचं."

"आज सकाळी चालवली मी तिला. तुझ्या बदलावर. लाल झाली."

"मग पुन्हा चालवायची!"

"चालवली. पुन्हा लाल."

"तिचं काय सांगावं! सदाची लहरी."

गणिती शांतपणे म्हणाली, "दादा, राग मानू नका. पण आधीची नोंद बघा. कोड तेच, चाचणी तीच आणि निकाल दोन. म्हणजे दोष चाचणीतच असणार ना?"

"किंवा कोडमध्ये असेल. कधी दिसणारा, कधी लपणारा," शंकोबा म्हणाले. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाई."

कप्तानबाईंनी घड्याळाकडे पाहिले. "शंकोबा, उद्या हे बाहेर जायचंच आहे. दवाखान्यांना शब्द दिलाय मी. सगळ्या हिरव्या आहेत. एका म्हातारीसाठी किती थांबायचं?"

म्हातारी! ऐकलेत, मित्रांनो? बोलता आले असते, तर मी तिथेच उत्तर दिले असते. पण माझ्या वतीने शंकोबा उभे राहिले. ते सहसा उभे राहत नसत.

"थांबू नका. फक्त तिचं काम तुम्ही हातानं करून बघा. सरावाच्या संकेतस्थळावर सुसाटचा बदल आहेच. तिथे एकच खुर्ची ठेवतो. एक फोन मॅडमकडे, एक सुसाटकडे. दोघांनी एकदम दाबायचं. तीन वेळा. तिन्ही वेळा एकालाच खुर्ची मिळाली, तर मी माझ्या हातानं पुसतो तिला. आणि पुन्हा कधी 'पण समजा' म्हणणार नाही."

"हे लेखी द्या!" सुसाट म्हणाला. सगळे हसले. शंकोबा हसले नाहीत.

जेवणाच्या टेबलावरचे डबे बाजूला सरकवले गेले. दोन फोन आले. माणसे खुर्च्या ओढून भोवती जमली. माझे सगळे आयुष्य त्या दोन बोटांवर टांगलेले होते आणि बोटे होती मला म्हातारी म्हणणाऱ्यांची.

"एक, दोन, तीन!" गणिती म्हणाली.

सुसाटने तीनच्या आधीच दाबले. कप्तानबाई चष्मा शोधत राहिल्या. सुसाटला खुर्ची मिळाली. बाईंना 'ही खुर्ची गेली'.

"झालं समाधान?" सुसाट म्हणाला.

"मॅडम, चष्मा घाला," शंकोबा म्हणाले.

दुसऱ्या वेळी बाईंचे बोट भलत्याच बटणावर पडले आणि त्या दवाखान्याच्या पत्त्यावर जाऊन पोहोचल्या. पुन्हा हशा. कोणीतरी म्हणाले, "मॅडमना खुर्ची नको, रिक्षा हवी!" शंकोबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तो पुसला आणि खुर्ची पुन्हा रिकामी केली.

"शेवटची," गणिती म्हणाली. "दोघांनी माझ्याकडे बघू नका. फोनकडे बघा. एक. दोन. तीन."

दोन बोटे एकदम टेकली.

कप्तानबाईंनी मोठ्याने वाचले, "खुर्ची तुमची." आणि सुसाटकडे पाहून म्हणाल्या, "हरलास. मला मिळाली."

सुसाटने फोन फिरवून टेबलावर ठेवला. त्याच्या फोनवरही तेच लिहिले होते.

सगळे दोन्ही फोनांवर वाकले. मग सुसाट ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "थांबा, थांबा. पुन्हा करून बघू."

"नाही," गणिती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना तिला कोणी ऐकले नव्हते. "आता पुन्हा नाही. आपण दर वेळी हेच केलं. लाल आलं की पुन्हा. हिरवं आलं की थांबायचं. नाणं मनासारखं पडेपर्यंत उडवत राहायचं आणि मग म्हणायचं, छापाच पडतो. हे मीच चाळणीला शिकवलंय."

"तू एकटीनं नाही," कप्तानबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "पुन्हा चालव असं सगळ्यात जास्त मीच ओरडलेय."

त्या दुपारी गणितीने मला चालवले. सुसाटच्या बदलावर आणि त्याआधीच्या जुन्या कोडवरही. ती हिरव्यावर थांबली नाही आणि लालवरही थांबली नाही. एकामागून एक चालवत राहिली. सुसाटच्या बदलावर मी दर वेळी लाल झाले. ठणठणीत लाल! जुन्या कोडवर मध्येच कधीतरी. तिने ते सगळे ठिपके भिंतीवर दाखवले आणि म्हणाली, "ही लहरी नाही. ही चूकच लहरी आहे. चाचणी इमानदार आहे."

बदल दुसऱ्या दिवशी बाहेर गेला नाही. कप्तानबाईंनी स्वतः दवाखान्यांना फोन करून बोलणी खाल्ली. सुसाटने ती फट कायमची बुजवली: एका खुर्चीवर एका वेळी दुसरे नाव लिहिताच येणार नाही, मग कोणी कितीही एकदम दाबो. ते काम त्याने, प्रथमच, बसून केले. जाताना तो शंकोबांच्या टेबलाशी थांबला. "शंकोबा, लेक तुमच्यावर गेलीय."

"चिकट?"

"अहो, कुणाचं ऐकत नाही!"

गणितीने चाळणी मोडली नाही; सुधारली. आता आधी लाल आणि मग हिरवी होणारी चाचणी ती बाहेर फेकत नाही. तिला वेगळी काढते आणि माणसापुढे ठेवते: हिचे म्हणणे काय आहे, ते ऐका. माझ्या धीर नसलेल्या शेजारणीचेही असेच ऐकले गेले. तिला चित्र येईपर्यंत थांबायला शिकवले, आणि तीही आता सुखात आहे. 'पुन्हा चालव' हे बटण अजून आहे, पण ते दाबले की संगणक विचारतो, 'का?' काही दिवस लोक तिथे 'उगाच' असे लिहीत. मग त्यांनाच त्याची लाज वाटू लागली.

तुम्हाला वाटेल, इथे माझी गोष्ट संपली आणि मी हारतुरे घेऊन निवांत बसले. छे! आता मी कायम हिरवी असते. फट बुजली आहे, तर लाल कशाला होऊ? आणि परवाच कार्यालयात नवा आलेला एक जण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तर कधीच लाल होत नाही. वेळ मात्र खाते. काढून टाकू या का?"

बघा, मित्रांनो, न्याय कसा असतो! लाल होते तेव्हा म्हणाले, लाल होते म्हणून काढा. आता हिरवी आहे, तर म्हणतात, हिरवी आहे म्हणून काढा. हो, मी सावकाश चालते. दोन माणसांची बाजू ऐकायला एकापेक्षा जास्तच वेळ लागणार. त्याची मी माफी मागणार नाही. छत गळत नाही म्हणून कोणी छत उतरवून ठेवत नाही.

तुमच्याही घरात, वर्गात असे कोणीतरी असेल. सगळे हो म्हणत असताना मध्येच नाही म्हणणारे. कधी बोलणारे, कधी गप्प. त्याला लहरी म्हणणे फार सोपे असते. 'पुन्हा सांग, नीट सांग' असे म्हणत आपल्याला हवे तेच उत्तर येईपर्यंत त्याला दटावणे त्याहूनही सोपे. तसे करू नका. ते पहिल्यांदा 'नाही' म्हणाले तेव्हा काय झाले होते, एवढेच विचारा.

आणि त्या नव्या माणसाला माझा निरोप सांगा. मला काढायचे असेल, तर खुशाल काढ, बाबा. पण आधी ती फट बुजवणारी ओळ एकदा खोडून बघ, मला चालव आणि निकाल येईपर्यंत माझ्यासमोरून हलू नकोस.